बार्बरासाठी स्मृतिमैफल: आधी पियानो, मग बाकी सगळं

पॅरिसच्या सीन नदीकाठच्या ‘लेक्लूझ’ या चिंचोळ्या कॅबरेत १९५८पासून फ्रेंच गायिका-गीतकार बार्बरा रात्री उशिरा गायची. ‘मध्यरात्रीची गायिका’ हे नाव तिला तिथेच मिळालं. काळा पोशाख, पियानोवर स्वतःचेच हात आणि समोर हाताच्या अंतरावर बसलेले श्रोते एवढ्यावर तिची गाणी उभी राहत. तिचं खरं नाव मोनिक सेर्फ. ९ जून १९३० रोजी जन्मलेली ही गायिका २४ नोव्हेंबर १९९७ला गेली. तिच्या आठवणीत गाण्याची संध्याकाळ करायची असेल, तर हे टिपण जर्मनी-फ्रान्समध्ये राहणाऱ्या आणि भारतात फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. साठ ते शंभर श्रोते, एक-दोन गायक, एक पियानो आणि जमलं तर एक अकॉर्डियन असा कार्यक्रम इथे गृहीत धरला आहे. मोठ्या नाट्यगृहाचं गणित वेगळं असतं.

अशा बहुतेक कार्यक्रमांची सुरुवात चुकीच्या टोकापासून होते. आधी गायक ठरतात, मग गाणी, मग सभागृह, आणि ‘पियानो तिथे असेलच’ म्हणून तो शेवटी येतो. बार्बराच्या बाबतीत हे चालत नाही, आणि का चालत नाही हे तिनेच दाखवून दिलं आहे. १९६४च्या जुलैमध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावच्या ‘युंगेस थिएटर’चे संचालक हान्स-गुंथर क्लाइन यांनी तिला बोलावलं. ज्यू कुटुंबातल्या या मुलीचं लहानपण नाझींपासून लपण्यात गेलं होतं, त्यामुळे जर्मनीत जायला तिचं मन घेत नव्हतं. ती तयार झाली, पण रंगमंचावर काळा ग्रँड पियानो, म्हणजे आडव्या तारांचा मोठा पियानो, हवा या अटीवर. पोहोचली तर समोर उभा, कपाटासारखा पियानो, आणि त्यात पियानो वाहून नेणाऱ्यांचा संप. तिने गायला नकार दिला. शेवटी एका वृद्ध बाईंच्या घरचा ग्रँड पियानो दहा विद्यार्थ्यांनी उचलून आणला आणि कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू झाला. श्रोत्यांनी तिला इतकं आपलंसं केलं की तिचा मुक्काम आठवड्यावर गेला. शेवटच्या दिवशी थिएटरच्या बागेत तिने त्या गावावरचं गाणं लिहायला घेतलं. दोन देशांतल्या समेटाचं म्हणून जे गाणं पुढे ओळखलं गेलं, त्याच्या मुळाशी पियानोचा हट्ट आहे.

तारीख आणि जागा: सहा ते आठ महिने आधी

तारखा दोनच सुचतात, ९ जून आणि २४ नोव्हेंबर. युरोपात दोन्ही चालतात. पुण्या-मुंबईत मात्र नोव्हेंबरच धरा. जूनच्या दमट हवेत पियानोचं लाकूड आणि फेल्ट फुगतं, पट्ट्या खाली जाऊन अडकतात, आणि सकाळी लावलेला सूर संध्याकाळपर्यंत हलतो. पियानोला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. जर्मनीत नोव्हेंबरला उलटा त्रास असतो: हीटिंगमुळे हवा कोरडी पडते आणि सूर उतरतो. पियानो रेडिएटरपासून किमान दोन मीटर दूर ठेवा आणि हीटिंग आदल्या रात्री बंद करून सकाळी एकदम वाढवू नका.

जागा बघायला जाताना सोबत मोजपट्टी आणि पियानो वाजवणारा माणूस घेऊन जा. टेबलं मांडून कॅबरेसारखी बैठक करायची तर मंचासह १०० चौरस मीटरच्या दालनात साठ-पासष्ट माणसं नीट बसतात, खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर शंभरापर्यंत. आमचा कौल टेबलांना आहे. ६० सेंटीमीटर व्यासाचं गोल टेबल, तीन खुर्च्या, आणि चौथी बाजू मंचाकडे मोकळी. मंच ३० ते ४० सेंटीमीटरपेक्षा उंच नको. गायिका श्रोत्यांच्या नजरेच्या पातळीवर असली की तिचं कुजबुजणंही पोहोचतं.

जागेत आणखी एक गोष्ट करा: दालनाच्या मध्यावर उभे राहून एक मिनिट गप्प राहा. फ्रिजची घरघर, वायुवीजनाचा आवाज, शेजारच्या स्वयंपाकघरातली भांडी, ट्राम, सगळं तेव्हाच कळतं. फ्रिजचं बटण कुठे आहे आणि तो दीड तास बंद ठेवायला मालकाची हरकत नाही ना, हे त्याच दिवशी विचारून ठेवा.

पियानो

१०० माणसांच्या दालनाला १८० ते २१० सेंटीमीटर लांबीचा ग्रँड पुरतो. दीड मीटरच्या छोट्या ग्रँडच्या खर्जातल्या तारा आखूड असल्याने तिथला स्वर पोकळ येतो, आणि बार्बराच्या साथीत डाव्या हाताचा खर्ज सतत चालू असतो. पावणेतीन मीटरचा मैफली ग्रँड सुमारे ५०० किलोचा असतो आणि तो लहान खोलीत आवाजाला खाऊन टाकतो. उभा पियानो अगदीच नाइलाज असेल तरच घ्या. त्याच्यामागे बसलेली गायिका श्रोत्यांना दिसत नाही, आणि बाजूला बसली तर पाठच दिसते.

भाड्याचा पियानो ठरवताना वाहतूकदाराला चार मापं आधीच कळवा: दाराची रुंदी, जिन्याची रुंदी, वळणावरची मोकळी जागा आणि लिफ्टची आतली लांबी. ग्रँडचे पाय काढून, तो कडेवर उभा करून, लाकडी घसरपट्टीवर बांधून नेतात. अशा वेळी जाडी कमीच असते, म्हणून ८० सेंटीमीटरच्या दारातूनही तो जातो. अडतो तो जिन्याच्या वळणावर, कारण दोन मीटर लांबी फिरवायला जागा लागते. ग्योटिंगेनच्या विद्यार्थ्यांची गोष्ट कितीही सुंदर असली तरी ती करून बघू नका. प्रशिक्षित माणसं बोलवा आणि पियानोचा विमा भाड्याच्या करारात लिहून घ्या.

पियानो आदल्या दिवशी सकाळीच आणा. नव्या हवेत त्याला निदान २४ तास रुळू द्या, दोन-तीन दिवस मिळाले तर फारच छान. सूर लावणाऱ्याला कार्यक्रमाच्या दिवशी दोनदा बोलवा: सकाळी पूर्ण जुळवणी, आणि तालमीनंतर, दारं उघडण्याआधी, अर्ध्या तासाची दुरुस्ती. सकाळच्या जुळवणीच्या वेळी मंचावरचे दिवे कार्यक्रमाइतकेच पेटलेले ठेवा. दिव्यांच्या उष्णतेने तारा ताणातून सैल पडतात आणि स्वर उतरतो. थंड पियानो सुरात लावून नंतर दिवे लावले, तर तिसऱ्या गाण्यापर्यंत त्याचा फरक कानाला लागतो.

आता सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. अकॉर्डियन घेणार असाल तर पियानो त्याच्या सुराला लावायचा असतो. अकॉर्डियन ही आपल्या पेटीचीच बहीण. धातूच्या रीडना कार्यक्रमाआधी कुणी हात लावू शकत नाही. काही वाद्यं मधल्या ‘ला’ला (इंग्रजीतल्या A स्वराला) ४४० हर्ट्झवर असतात, बरीच ४४२वर. जर्मनीतले पियानो पुष्कळदा ४४२ किंवा ४४३ला लावलेले असतात. पियानो ४४०ला आणि अकॉर्डियन ४४२ला असेल, तर त्या स्वरावर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, वरच्या सप्तकात चार. गायिकेला वाटतं आपलंच बेसूर होतंय, आणि ती दोन्हींच्या मध्ये लटकते. म्हणून अकॉर्डियनवाल्याकडून ट्यूनरवर मोजलेला आकडा दोन आठवडे आधी मागून घ्या आणि तो सूर लावणाऱ्याला लेखी द्या.

पेडलही तपासा. शांत गाण्यात उजव्या पेडलची कुरकुर शेवटच्या टेबलापर्यंत जाते. सूर लावणाऱ्यालाच ती काढायला सांगा. तेलाचे थेंब स्वतः टाकू नका, ते फेल्टमध्ये उतरतात. बाक डगमगतो का, त्यावर बसून हललं की करकरतो का, हेही बघा.

मांडणीचं गणित असं. ग्रँड पियानोचं झाकण श्रोत्यांच्या बाजूला उघडतं, म्हणून वादक श्रोत्यांच्या डाव्या हाताला बसतो आणि त्याची उजवी कड दिसते. म्हणजे उजवीकडच्या टेबलांना चेहरा दिसतो, डावीकडच्यांना पाठ. पियानोचं कीबोर्डचं टोक मागे आणि शेपटीचं टोक पुढे घेऊन तो १५ ते २० अंशांनी फिरवा, चेहरा बराच मोकळा होतो. त्याहून जास्त फिरवलात तर झाकणाचा आवाज एकाच कोपऱ्यात जातो. अगदी डाव्या टोकाला खुर्च्या लावूच नका. झाकण आखूड दांडीवर ठेवा. पूर्ण उघडं झाकण शंभर माणसांच्या खोलीत गाण्याच्या वर चढतं.

परवाने: तीन महिने आधी सुरुवात

बार्बराची शब्दरचना आणि संगीत युरोपात तिच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे २०६७च्या अखेरपर्यंत, संरक्षित आहे. भारतात ही मुदत ६० वर्षांची. जर्मनीत कार्यक्रमाची नोंद ‘गेमा’ या रचनाकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे आधी करायची असते, न कळवता केलेला कार्यक्रम उघडकीला आला तर दुप्पट आकारणी होऊ शकते. फ्रान्समध्ये हेच काम ‘सासेम’ पाहते आणि आधी कळवणाऱ्याला दरात सवलत देते. भारतात ‘आयपीआरएस’. विनामूल्य प्रवेश म्हणजे परवाना नको, असं नाही.

या परवान्यात गाणं गाता येतं, त्याचं भाषांतर मात्र करता येत नाही. इथेच मराठी मंडळींचा घोटाळा होतो. गाण्याचा मराठी अनुवाद करून चालीवर गायचा असेल, किंवा शब्दशः अनुवाद पडद्यावर दाखवायचा असेल, तर गाण्याच्या प्रकाशकाची वेगळी लेखी परवानगी लागते, आणि उत्तराला महिने लागू शकतात. परवानगी येईपर्यंत एक सरळ वाट आहे: निवेदकाने गाण्यात काय घडतं ते स्वतःच्या दोन-तीन वाक्यांत सांगावं. आम्हाला तीच वाट आवडते. पडद्यावर ओळी आल्या की लोक वाचत बसतात आणि गायिकेचा चेहरा हातचा जातो.

छायाचित्रांसाठीही परवानगी लागते. तिचं ध्वनिमुद्रण कार्यक्रमात वाजवणार असाल तर तेही नोंदवावं लागतं, पण वाजवूच नका. मूळ आवाज ऐकल्यावर समोरच्या गायकाला पुन्हा उभं राहणं फार कठीण जातं.

गाण्यांची निवड आणि क्रम

एकूण वेळ ७५ ते ८० मिनिटं, मध्यंतर नाही. चौदा-पंधरा गाणी, सरासरी चार मिनिटांची, म्हणजे तासभर. निवेदन सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत, उरलेला वेळ टाळ्यांचा आणि शांततेचा. प्रत्येक गाण्याआधी बोलू नका. तीन-तीन गाण्यांचे गुच्छ करा आणि त्यांच्या आधी एकदाच बोला.

पहिला गुच्छ केवळ तिच्या गाण्यांचा नसावा. स्वतःच्या रचना पुढे आणण्याआधी ती इतरांची गाणी गायची. ब्रासाँस आणि ब्रेल या गीतकार-गायकांच्या गाण्यांच्या तिच्या तबकड्या १९६० आणि १९६१मध्ये निघाल्या, आणि केवळ स्वतःच्या गाण्यांची तबकडी १९६४मध्ये आली. सुरुवातीची दोन गाणी त्यांची ठेवली की श्रोत्यांना कॅबरेची बैठक कळते, आणि मग तिचं पहिलं गाणं येतं तेव्हा आवाजातला बदल ऐकू येतो. लेखिका म्हणून तिचा जन्म असा ऐकवता आला, तर निवेदनाची निम्मी वाक्यं वाचतात.

‘नांत’ मध्यावर ठेवा. १९५९च्या डिसेंबरमध्ये तिचे वडील नांत शहरात वारले आणि ती उशिरा पोहोचली, यातून हे गाणं आलं. गाण्यातला रस्ता तिने कल्पनेने रचलेला होता. १९८६मध्ये त्या शहराने खरोखरच एका रस्त्याला ते नाव दिलं, आणि त्या प्रसंगी ती हजर होती. हे गाणं संपल्यावर प्रकाश लगेच वाढवू नका. पियानोचा शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत पाच-सहा सेकंद सगळं तसंच राहू द्या. निवेदकाने तिथे तोंड उघडलं तर गाणं वाया जातं.

ग्योटिंगेनचं गाणं दोन-तृतीयांशावर येऊ दे. त्याच्या आधी पियानोची गोष्ट सांगा, एका मिनिटात. कार्यक्रम जर्मनीत असेल तर तिने स्वतः १९६७मध्ये गायलेलं जर्मन रूप उपलब्ध आहे, पण फ्रेंच रूप ऐकायला जर्मन श्रोते जास्त आतुर असतात, असं आमचं मत आहे.

काळ्या गरुडाचं १९७०चं गाणं सर्वांत प्रसिद्ध म्हणून शेवटी ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा, शेवटून तिसरं घ्या. ते इतक्या उंचीवर चढतं की त्यानंतर गायकाला आणि श्रोत्याला खाली उतरायला दोन साधी गाणी लागतात. या गाण्याच्या निवेदनात एक पथ्य पाळाच. तिच्या मृत्यूनंतर १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अपुऱ्या आठवणींत तिने लहानपणी वडिलांकडून झालेल्या अत्याचाराबद्दल लिहिलं आहे, आणि पुष्कळ लोक या गाण्याचा अर्थ तिथे जोडतात. तो वाचकांचा अर्थ आहे. तिने गाण्याबद्दल तसं सांगितलं होतं, असं मंचावरून म्हणू नका.

गायक आणि फ्रेंच उच्चार

बार्बरा कानाने रचायची, कागदावर स्वर मांडण्याची तिची रीत नव्हती. बाजारात मिळणारी स्वरलिपी दुसऱ्यांनी ध्वनिमुद्रणावरून उतरवलेली असते, म्हणून प्रत्येक गाण्याची पानं मूळ मुद्रणाशी एकदा ताडून बघा. पट्टी ठरवताना पहिली ओळ गाऊन ठरवू नका. तिची गाणी खाली, बोलल्यासारखी सुरू होतात आणि शेवटच्या कडव्यात वर जातात. आधी सर्वांत वरची ओळ गाऊन बघा, मग सर्वांत खालची. दोन्ही सुखाने निघाल्या तरच पट्टी पक्की.

गायक आणि वादक वेगळे असतील तर सहा तालमी तरी लागतातच. ती स्वतःच वाजवायची, त्यामुळे श्वास घ्यायचा तिथे हात आपोआप थांबायचे. दुसऱ्या वादकाला हे थांबणं शिकावं लागतं. ठुमरीच्या साथीला बसलेला पेटीवाला जसा गायिकेच्या तोंडाकडे बघत असतो, तसंच इथे. मेट्रोनोम फक्त पहिल्या दोन तालमींत वापरा, नंतर बंद. पियानोवाल्याला गायकाचे ओठ दिसतील अशा जागी गायक उभा राहायला हवा.

उच्चारात मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे. फ्रेंचमधले प, त, क महाप्राणाच्या झुळकेशिवाय येतात, आणि त दातांवरचा असतो, अगदी आपल्या ‘ताक’मधल्यासारखा. इंग्रजीच्या सवयीने त्याचा ट करू नका. अडचण अनुस्वाराची. आपण ‘चंदन’ म्हणताना अनुस्वाराचा न करतो. फ्रेंचमध्ये स्वरच नाकातून निघतो आणि न मुळीच ऐकू येत नाही. ‘नांत’ म्हणताना पहिल्या न नंतर जीभ दातांना थेट शेवटच्या त साठीच लागली पाहिजे, मध्ये नाही. फ्रेंच ‘यू’साठी तोंडात ‘ई’ धरा आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. शब्दाच्या शेवटी बोलताना गळणारा हलका ‘अ’ गाण्यात अनेकदा स्वतःची मात्रा घेतो. तो कुठे घ्यायचा हे मुद्रण ऐकून कागदावर खूण करा, नाहीतर ओळ तालातून सुटते.

तिच्यासारखं थरथरतं गाण्याचा प्रयत्न करू नका. नक्कल पहिल्या मिनिटाला सुखावते आणि तिसऱ्या मिनिटाला खटकते. २०१७मध्ये जेरार देपार्द्यू या पुरुषी, भारदस्त आवाजाच्या नटाने पॅरिसच्या ‘बूफ द्यू नोर’ नाट्यगृहात तिचीच गाणी गायली, आणि साथीला तिचाच पियानोवादक जेरार दागेर होता. आवाज कुणाचाही चालतो, शब्द मात्र स्वच्छ हवेत.

ध्वनी आणि प्रकाश

शंभर माणसांत पियानोला माइक नको, फक्त आवाजाला हलका आधार. गायक पियानोवर बसला असेल तर माइकची पाठ थेट तारांकडे येते, म्हणून साधा कार्डिऑइड घ्या. तो बरोबर मागून येणारा आवाज सर्वांत कमी उचलतो. सुपरकार्डिऑइड मागून थोडं पकडतो आणि पियानो आवाजात मिसळून गढूळ होतो. लांब हाताचा स्टँड पियानोच्या पलीकडून आणा, म्हणजे चेहऱ्यापुढे दांडा येत नाही. ओठांपासून ८ ते १० सेंटीमीटर अंतर, मिक्सरवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापलेला, रिव्हर्ब (आवाजाची रेंगाळती गुंज) दीड सेकंदाच्या आत. लांब रिव्हर्बमध्ये फ्रेंच शब्दांचे शेवट बुडतात. दिव्यांचे डिमर आणि ध्वनियंत्रणा वेगवेगळ्या सर्किटवर घ्या, नाहीतर शांत जागी गुणगुण ऐकू येते.

काळा पोशाख, काळा पियानो आणि मागे काळा पडदा असला की मंचावर फक्त तरंगणारा चेहरा उरतो. मागून, वरून एक दिवा खांद्यांवर टाका, शरीराची कड दिसू लागते. समोरून ४५ अंशांवर एक उबदार दिवा, ३००० केल्विनच्या आसपास. प्रकाशबदल सहा ते आठ सेकंदांत, हळू. धूर नको: गळा कोरडा पडतो आणि आगीची घंटा वाजू शकते. टेबलांवर खऱ्या मेणबत्त्या बहुतेक सभागृहं लावू देत नाहीत, बॅटरीच्या घ्या. पेयं गाणी सुरू होण्याआधी द्या आणि नंतर दिलीच तर गुच्छांच्या मध्ये. बर्फ घातलेले पेले ठेवूच नका.

कार्यक्रमाच्या दिवशी

सकाळी ९ला दिवे आणि पियानोची जुळवणी, १२ला ध्वनीची चाचणी, २ ते ४ पूर्ण तालीम, तीही कपड्यांसह, कारण रुंद बाह्या पट्ट्यांवर अडकतात हे तेव्हाच कळतं. ५ला सुराची दुरुस्ती. त्यानंतर पियानोचं झाकण बंद करून एक माणूस तिथे बसवा. पाहुण्यांची मुलं आणि हौशी मित्र पियानोकडे ओढले जातात, आणि त्यावर फुलं किंवा पेला ठेवणारंही कुणीतरी निघतंच. श्रद्धांजलीची फुलं वेगळ्या स्टुलावर. साडेसहाला दारं उघडा, ७ला सुरू करा. उशिरा येणाऱ्यांना पहिल्या गुच्छानंतरच आत घ्या.

भाषणं ठेवायचीच असतील तर एक, तीन मिनिटांचं, अगदी सुरुवातीला. शेवटच्या गाण्यानंतर कुणी आभार मानायला मंचावर जाऊ नये. आभार छापील पत्रकात द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाहतूकदार येण्याआधी पियानोच्या चारही कडांचे फोटो काढा आणि पेडलचा दांडा सोबत गेला का ते बघा, तो हमखास सभागृहात राहतो. मग प्रत्यक्षात गायल्या गेलेल्या गाण्यांची यादी, आयत्या वेळी बदललेल्या गाण्यांसह, रचनाकारांच्या नावांनिशी भरून गेमा किंवा सासेमकडे पाठवा. या यादीवरूनच पैसे त्या त्या रचनाकाराच्या खात्यावर जातात, आणि छापील पत्रिकेवरून भरलेली यादी पुष्कळदा चुकीची असते.